चिमीचं ओंडक्यांचं घर: प्रकल्प नोंदी

8 जून 2025, रविवार

बाहुल्यांच्या घराच्या किटचं खोकं आज उघडलं. मुलीने अमेरिकेहून येताना आणलं होतं, साडेसात किलोचं. त्यापायी तिच्या एका बॅगेत दुसरं काही मावलंच नाही. चिमी म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. वय सहा, राहणार बडोद्यातच मांजलपूरला, दर रविवारी आमच्याकडे दांडिया बाजारात. आत्याने घर आणलंय एवढंच तिला माहीत. आत निघाले प्लायचे सपाट तुकडे, पट्ट्यांच्या जुड्या आणि पिशवीभर लाकडी कौलं. तिने खोक्यात डोकं घालून पाहिलं आणि म्हणाली, "आजी, घर तिकडेच राहिलं का?"

मी 31 वर्षं सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. (बाईसाठी वेगळं पद नव्हतं, मस्टरवर तसंच लिहायचे.) शाळा, दवाखाने, क्वार्टर्स, नाही नाही ते काढलं. पण ट्रेसिंग पेपरच्या बाहेर माझ्या हातून एक पाटसुद्धा झालेला नाही. हे म्हणाले, मिस्त्रीला देऊन टाक, आठवड्यात उभं करील. तेच तर नको होतं.

11 जून

भाग मोजले. प्रमाण 1:12, म्हणजे एक इंचाला एक फूट. हे मला फार सोयीचं, डोक्यात आपोआप गुणाकार होतो. जोतं 20 बाय 14 इंच, पुढे 5 इंचांचा ओटा. भिंती 8 इंच उंच. मागची बाजू उघडी, खेळायला हात जावा म्हणून. भिंती 3 मिलिमीटर प्लायच्या, आणि त्यांवर बाहेरून अर्ध्या इंचाच्या हाफराउंड पट्ट्या चिकटवायच्या, की झाले ओंडके. अर्धा इंच म्हणजे सहा इंची ओंडका. ठीक आहे, पटण्यासारखा आहे. 8 इंचांत 16 थर बसतात.

24 इंची पट्ट्या 60 असल्याचं पत्रकात लिहिलंय. तीनदा मोजल्या, 57 भरल्या. दर्शनी भिंतीला 16, दोन बाजूंना 16-16, उरलेल्या वरच्या त्रिकोणांना. बाजूच्या भिंतीत 14 इंच लागतात, म्हणजे प्रत्येक पट्टीतून 10 इंच उरणार. त्रिकोणांची कामं त्या तुकड्यांत भागतील. तक्रार करायची गरज नाही, पण मोजणाऱ्याचं लक्ष कुठे होतं कोण जाणे.

15 जून, रविवार

गोंद न लावता सगळं मास्किंग टेपने जोडून पाहिलं. चिमीने टेपचे तुकडे फाडून दिले, एकेक वीतभर. उभं राहिलं. एका कोपऱ्यात गुण्या लावला तर काटकोन नाही, पण ती चूक जोत्याच्या खाचेची, भिंतीची नाही. कानस मारली, बसलं.

चिमीने लगेच त्यात दोन बाहुल्या झोपवल्या. आता परत सपाट करायचं म्हटल्यावर रडारड. शेवटी बाहुल्यांना "पावसाळ्यापुरतं मामाकडे" पाठवलं.

17 जून

आमच्या ओट्याच्या दाराची बिजागरी बदलायला सुथारकाका आले होते. सत्तरी कधीच ओलांडली आहे. पत्रकात पायरी 3 ला भिंती चिकटवा आणि पायरी 9 ला रंग द्या असं आहे, ते वाचून दाखवलं. नुसती मान हलवली. "बेन, पहेलां रंग, पछी गुंदर."

का, ते एका तुकड्यावर करून पाहिलं. बोटभर फेविकॉल लावून पुसला, वाळू दिला, वरून अक्रोडी स्टेन मारला. जिथे गोंद होता तिथे पांढरा चट्टा, कोडासारखा. लाकडाची भोकं गोंदाने बुजली की रंग आत जातच नाही. कितीही पुसा, घासा, तो चट्टा जात नाही. पत्रक लिहिणाऱ्याने स्वतः हे घर कधी केलेलं नसणार.

23 जून

57 पट्ट्या रंगवून झाल्या. आधी 180 चा पॉलिश पेपर, मग 220 चा, मग यांच्या जुन्या बनियनच्या चिंधीने स्टेन. मुद्दाम सारखा लावला नाही. काही पट्ट्या एका हातात सोडल्या, काहींना दोनदा. एकाच रंगाचे ओंडके एकाच जंगलातही नसतात. गच्चीच्या जिन्यात ओळीने वाळत घातल्या. शेजारच्या बेननी विचारलं, "आ शुं, अगरबत्ती बनावो छो?"

2 जुलै, बुधवार

दर्शनी भिंत. सोळा थर, दाराच्या आणि दोन खिडक्यांच्या जागा सोडून. बाहेर पाऊस लागलेला. सकाळी दहाला बसले ते तीनला उठले. प्लायवर फेविकॉलचा सलग हात दिला, पट्ट्या खालून वर लावत गेले, दर चार थरांनी गुण्या लावून. झाल्यावर मनापासून वाटलं की ड्रॉइंगपेक्षा हे बरं, लगेच दिसतं. कोपऱ्यात उभी करून ठेवली.

5 जुलै

भिंत वाकली. म्हणजे थोडीथोडकी नाही. टेबलावर पालथी ठेवली तर मधे 9 मिलिमीटरची पोकळी, फुटपट्टीने मोजली. 1:12 ने ते सव्वाचार इंच होतात; असा पोट सुटलेला नकाशा मी कचेरीत पुढे पाठवला असता तर साहेबांनी फाडून हातात दिला असता.

कारण कळायला दोन दिवस गेले. गोंदात पाणी असतं. पाणी प्लायच्या एकाच अंगाला लागलं, ते अंग फुगलं. फुगलेल्या अवस्थेतच पट्ट्या चिकटल्या. मग वाळताना ते अंग आखडलं आणि भिंतीला घेऊन आत ओढलं. 3 मिलिमीटरच्या प्लायमध्ये विरोध करायची ताकद कुठली? त्यात पावसाळ्यातली हवा, आणि मी ती वजनाखाली ठेवायची सोडून कोपऱ्यात उभी केली. हे म्हणाले, "पोळी फुगली म्हण की." हसू आलं नाही.

7 जुलै

सुथारकाकांकडे भिंत घेऊन गेले. वर्तमानपत्रात गुंडाळून, रिक्षाने. त्यांनी भिंत हातात घेतली, उलटी केली, कोऱ्या बाजूवर अंगठा फिरवला. मग उठून एक फ्लशडोर पुढे ओढून दाखवला. एका बाजूला चांगला सनमायका, दुसऱ्या बाजूला कुणाला दिसणार नाही असा साधा पांढरा. ग्राहक विचारतात, मागे कशाला पैसे घालवायचे? एकाच बाजूला लावलं तर दरवाजा वर्षात धनुष्य होतो, म्हणून. दोन्ही अंगांना सारखी ओढ पाहिजे.

घरी येऊन आतल्या कोऱ्या बाजूला ओलं फडकं फिरवलं, पाच मिनिटांनी त्याच गोंदाने जाड ब्राउन पेपर चिकटवला, कडेपर्यंत, सुरकुती न ठेवता. वर फळी, फळीवर आईचा पाटा. वरवंटासुद्धा.

10 जुलै

पाटा काढला. पोकळी दीड मिलिमीटर. जोत्याच्या खाचेत बसवली की तीही जाईल. बाजूच्या भिंती आता दोन्ही अंगांनी एकाच दिवशी केल्या: बाहेरून पट्ट्या, आतून कागद, लगेच पाट्याखाली. एकही वाकली नाही. आतला कागद चिमीला भिंतीचा रंग म्हणून आवडला, त्यावर तिने खडूने दोन पाली काढल्या आहेत. ठेवणार आहे.

13 जुलै, रविवार

चारी कोपरे जुळवले. "चारी" म्हणायची सवय. मागे भिंत नाही, तेव्हा पुढचे दोन. खऱ्या ओंडक्यांच्या घराचा जीव या कोपऱ्यात असतो. एका भिंतीचा ओंडका, त्यावर आडवा दुसऱ्या भिंतीचा, वरच्याला खालून खोबण. वरचा खालच्यावर घोड्याच्या खोगिरासारखा बसतो. खिळा लागत नाही. वरून जितकं वजन येईल तितकं घट्ट होतं. किटमध्ये हे नुसतं दाखवायचं असतं: एकाआड एक पट्टी कोपऱ्याबाहेर पाऊण इंच काढायची. मी तेवढ्या टोकांना तरी खालून अर्धगोल खाच घातली. दिसत नाही कुणाला.

चिमीने विचारलं, "आपल्या घराला असे ओंडके का नाहीत?" मग तिला हात धरून आमच्या माजघरात नेलं. आमच्याकडे चार सागवानी खांब, त्यांवर तुळया, आणि मधल्या भिंती विटांच्या. भिंत पाडली तरी घर उभं राहील. तिथे भिंत हेच घर. खांब नाही, तुळई नाही. थंडीच्या मुलखात पाइन-स्प्रूसचे सरळ सोट मुबलक, आणि सहा इंच लाकूड थंडी अडवतं. स्वीडन-फिनलंडकडच्या लोकांनी 1638 मध्ये डेलावेअर नदीकाठी वसाहत केली, त्यांच्याबरोबर ही बांधणी अमेरिकेत गेली. लिंकन 1809 मध्ये केंटकीत जन्मले ते असल्याच घरात. चिमीला लिंकन माहीत नाहीत. नोटेवरचे का, म्हणाली. तिकडच्या नोटेवरचे, हो.

संध्याकाळी तिला रावपुऱ्यातला तांबेकर वाडा दाखवायला नेलं, खांब बघायला. तिने भिंतींवरची चित्रंच पाहिली.

27 जुलै

छप्पर. दोन उतार, प्रत्येकी 22 बाय 10 इंच. कौलं एक इंच रुंद, दीड इंच लांब. पत्रकाप्रमाणे प्रत्येक ओळ 19 मिलिमीटर उघडी ठेवायची. हिशोब केला: 14 ओळी, सुरुवातीची जोडओळ धरून 15. ओळीत 22. एका उताराला 330, दोन्हींना 660. पिशवीवर छापलंय 600. पुन्हा तेच.

19 ऐवजी 22 मिलिमीटर उघडी ठेवली तर 12 अधिक 1, म्हणजे 13 ओळी, एकूण 572. फुटक्यांसाठी 28 शिल्लक. खऱ्या छपराला हे चालणार नाही, कौल निम्म्याहून जास्त उघडं राहिलं की सांध्यातून पाणी उतरतं. पण 1:12 मध्ये पाऊस नाही. हे लिहिताना आमच्या स्वयंपाकघरात बादलीत टपटप चालू आहे, तो भाग वेगळा.

10 ऑगस्ट, रविवार

काल राखीला सगळे जमले होते, आज निवांत. पहिल्या तीन ओळी फेविकॉलने लावल्या होत्या. सकाळी पाहिलं तर 66 कौलं कडांनी वर वळलेली, तळणीतून काढलेल्या पापडासारखी. तोच आजार, तेच कारण, आणि मी तीच चूक दुसऱ्यांदा केली. चाकूने उचकटताना 11 फुटली.

चप्पलवाल्याकडचं सोल्युशन आणलं. त्यात पाणी नसतं. दोन्ही अंगांना पातळ लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं. एकदा टेकलं की हलवता येत नाही, म्हणून उतारावर आधी पेन्सिलीने 22-22 च्या रेघा मारून घेतल्या. इथे मात्र हात कचेरीतला होता. एका बैठकीत आठ ओळी. वास उग्र, खिडक्या उघड्या, चिमीला खोलीत यायला बंदी. ती दारात बसून मोजत होती आणि एकोणतीसनंतर दर वेळी थेट चाळीसवर जात होती.

19 ऑगस्ट

दार बसवलं. बसवलं म्हणजे अडकलं. जूनमध्ये सैल होतं, आता चौकटीत शिरेना. आमच्या न्हाणीच्या दाराचंही दर पावसाळ्यात हेच असतं. लाकूड लांबीत फारसं वाढत नाही, रुंदीत फुगतं. ओंडक्यांची घरं बांधणारे तर दार-खिडकीच्या चौकटीवर मुद्दाम मोकळी फट ठेवतात, कारण ओले ओंडके वाळत गेले की अख्खी भिंत खाली बसते. फट नसेल तर सगळा भार चौकटीवर येतो.

सुथारकाकांना फोन केला. म्हणाले, "बेन, हमणां ना घसशो. दिवाळी पछी जोजो." आत्ता घासू नका, दिवाळीनंतर बघा, असं. मी ऐकलं नाही. चिमीला रविवारी उघडं-बंद होणारं दार दाखवायचं होतं. कडेला 120 चा कागद मारला, एक मिलिमीटरभर गेलं असेल. छान उघडतं.

3 सप्टेंबर

काम बंद. काल गौरी गेल्या, गणपती अजून आहेत. टेबलावर मोदकाची भांडी.

21 सप्टेंबर, रविवार

घर उभं आहे, छप्पर चढलं, आतून रिकामं. चिमीने पाहणी केली आणि यादी सांगितली. एक, देवघर नाही. दोन, हिंडोळा नाही. तीन, खोलीच्या मधोमध चूल का? ती चूल नाही, दगडी शेकोटी आहे, तिकडे बर्फ पडतो, हे सांगून पाहिलं. "मग दूध कुठे तापवतात?" याला उत्तर नव्हतं.

माळ्यावरून माझी भातुकली काढली. आईने माझ्या सातव्या वाढदिवसाला दिलेली, पितळी. चिंचेने घासली. मापं घेतली, सवयच. हंडा 5 सेंटिमीटर, म्हणजे 60, चालेल. परात 7, म्हणजे 84; लग्नाची परात. जातं 6, म्हणजे 72. ते ओढायला दोघी जावा लागतील. बंब तर दारातून आतच जात नाही. बंब अंगणात ठेवू म्हटलं, चिमी म्हणाली, नाहीतरी बंब अंगणातच असतो ना, तूच सांगतेस. खरं आहे. प्रमाण मी मोडलं. शेकोटीच्या खाचेत पितळी चूल बसली ती मात्र जणू तिथलीच.

28 सप्टेंबर, रविवार

हिंडोळा. घरात एक मोडकी दांडियाची जोडी होती, लाखेची, लाल-सोनेरी. मोडकी म्हणजे एकीचं टोक तुटलेलं. चिमीची आई नवरात्रात नवीन घेणारच होती.

एका दांडीतून 15-15 सेंटिमीटरचे दोन खांब निघाले, दुसरीतून 18 चा आडवा दांडा. करवत लाखेवर ठेवली की लाख टवका सोडते, म्हणून आधी तिथे टेप गुंडाळला आणि टेपवरूनच कापलं. कडा शाबूत राहिल्या. संखेडा गावच्या लाकडी कामात कथलाची नक्षी काढून वर लाख चढवतात आणि ती सोन्यासारखी दिसते. या दांड्यांवर नक्षी साधीच, पण रंग तोच मरून-सोनेरी, आमच्या लग्नातल्या झोपाळ्याचा. झोपाळा माझ्या दिराकडे गेला. असो.

बैठक उरलेल्या प्लायची, 5 बाय 2 इंच. साखळ्या खोट्या मंगळसूत्राच्या, मणी काढून. आडव्या दांड्याला आकडे लावताना सुई तापवून भोक पाडलं तर लाख वितळून बोटाला लागली. हळद. दीड तासाने हिंडोळा ओट्यावर बसला. तिथल्या जंगलातल्या माणसाने घरापुढे हिंडोळा पाहिला असता तर काय म्हणाला असता कोण जाणे, पण बडोद्यात ओटा आहे आणि हिंडोळा नाही, हे शोभत नाही.

12 ऑक्टोबर

दिवे. हे खातं यांचं, वीज मंडळातून निवृत्त. बटण सेल वापरायचे नाहीत यावर आमचं एकमत. पोराने गिळला तर अन्ननलिका जळते, काही तासांत. पेन्सिल सेलचा डबा, तीन सेल, झाकणाला स्क्रू. साडेचार व्होल्ट, प्रत्येक एलईडीला वेगळा 100 ओमचा रेझिस्टर. एक दिवा छतात, एक देवघरात. देवघर काडेपेटीचं आहे. यांनी सोल्डरिंग करताना दोनदा "तुझी भिंत" म्हटलं आणि नंतर एकदा "आपली".

18 ऑक्टोबर, धनत्रयोदशी

चिमीच्या घरच्या अंगणात किल्ला केलाय, गोणपाट, माती, अळीव पेरलेले. घर किल्ल्याच्या पायथ्याशी ठेवायचं तिने ठरवलं होतं. मातीचे मावळे तीन इंची, 1:12 ने तीन फुटांचे. त्यांतला एक हिंडोळ्यावर बसवला, पहाऱ्यावर. ओल्या मातीवर ठेवू नकोस, जोतं फुगेल, असं सांगितलं तर तिने खाली पाट घातला. विचारलं नव्हतं, तरी म्हणाली, "दोन्ही बाजूंनी सारखी ओढ पाहिजे, आजी." ते इथे लागू नाही. पण बोलले नाही.

9 नोव्हेंबर, रविवार

हवा कोरडी झाली. दार आपोआप उघडतं. बंद केलं तरी कुलपाच्या बाजूने दीड मिलिमीटर फट, आतला दिवा बाहेर दिसतो. सुथारकाका ओट्यावर बसून चहा पीत होते, त्यांनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बशीतला चहा संपवला. कडेला पट्टी चिकटवायची की जून-जुलैपर्यंत तशीच ठेवायची, ठरत नव्हतं. चिमीने बिस्किटाचा चांदीचा कागद घडी घालून फटीत खोचला, दार बंद केलं आणि म्हणाली, आता बाहुल्यांना मामाकडून बोलाव.